मी आजारी नव्हते

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. नव्वदचं दशक अर्धं सरलं असेल. कॉलेज नाशिकला, राहायला सरकारी वसतिगृह, आणि घर घोटीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. आमच्याकडे भात हेच एक मोठं पीक. घरात आई, बा, मी आणि मोठा भाऊ. भाऊ सातपूरच्या एका कारखान्यात नुकताच कंत्राटावर लागला होता. चार दिवस दांडी झाली की त्याच्या मशीनवर दुसरा माणूस उभा राहिला असता. त्यामुळे शेतीच्या कामाला त्याला बोलवायचं नाही, असं बाने ठरवून टाकलं होतं.

जुलैत एका शनिवारी मी आवणीला हात लावायला घरी गेले. आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून चिखल केलेल्या खाचरात लावायची. हे काम सगळ्या गावाचं एकाच वेळी येतं, त्यामुळे मजूर शोधूनही सापडत नाही. म्हणून आमच्याकडे सावड चालते. आज बाकीच्या घरांतल्या बाया तुमच्या खाचरात येतात, उद्यापासून तुम्ही एकेकीच्या खाचरात जायचं. त्या वर्षी आमची रोपं सगळ्यांत आधी तयार झाली होती, म्हणून आमची आवणी पहिली उरकली. बाया हसतखेळत आल्या, दोन दिवसांत सगळं लावून गेल्या. रविवारी संध्याकाळी रिकामी पाटी घेऊन येताना आई बांधावरून घसरली आणि गुडघ्याखाली तिचा पाय मोडला.

घोटीच्या डॉक्टरांनी रात्रीच प्लास्टर घातलं. दोन महिने पाय टेकवायचा नाही म्हणाले. आई खाटेवर पडली ती एकच धोसरा लावून, "आता त्यांच्या आवणीला कोण जाणार?"

शेजारच्या काकू भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "राहू दे गं. पुढच्या वर्षाला फेड."

"पुढच्या वर्षापातूर तुझी रोपं थांबणार हायेत का?" आई म्हणाली.

आईचं खरंच होतं. कारण रोप थांबत नाही. ते वेळेत लावलं नाही तर जून होतं आणि मग फुटवा धरत नाही. बा औत घेऊन एकेकाच्या खाचरात चिखलणीला जात होताच. लावणीला बाईमाणूस हवं होतं, आणि घरात दुसरी बाई मीच होते.

मला कुणी राहा म्हटलं नाही. उलट आई सोमवारी पहाटेच म्हणाली, "तू जा कालेजात. पहिली गाडी धर."

मी कपडे बदलले, पण ते खाचरात जायचे. आईने तोंड भिंतीकडे केलं. रागावली असेल असं वाटलं. पण मी पदर खोचून निघाले तेव्हा मागून आवाज आला, "घोंगतं घे डोक्यावर. भिजू नको."

त्या पाच आठवड्यांत मी गावातल्या प्रत्येक सावडकरी घराच्या खाचरात उभी राहिले. सकाळी आईचं करायचं, भाकऱ्या टाकायच्या, मग दिवसभर वाकून लावणी. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या. आवण्या संपल्या, आई काठीच्या आधाराने चुलीपाशी बसायला लागली, तेव्हा मी नाशिकला परतले.

परतले तर सूचनाफलकासमोर गर्दी. ज्यांची हजेरी कमी होती, त्यांची टर्म मंजूर होणार नाही असं लिहिलं होतं आणि खाली माझं नाव होतं. टर्म मंजूर नाही म्हणजे परीक्षेचा अर्ज भरता येत नाही. परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की वसतिगृहातली जागाही जाते. नाशिकात माझं दुसरं कुणी नव्हतं. भाऊ चौघांबरोबर एका खोलीत राहायचा.

कार्यालयातले मोठे बाबू तसे मायाळू होते. मी रडवेली होऊन गेले तर म्हणाले, "अगं, त्यात काय एवढं? मेडिकल जोड. कावीळ लिहून आण. पाच आठवड्यांना कावीळ बरोबर बसते."

"पण मला कावीळ झाली नव्हती."

"इथे कुणाला झालीय?" असं म्हणून त्यांनी टेबलावरचा सर्टिफिकिटांचा गठ्ठा थोपटला.

वसतिगृहातल्या मैत्रिणीही तेच म्हणाल्या. सगळेच करतात म्हटल्यावर मलाही ते साधं वाटलं. शनिवारी घोटीला उतरून मी थेट आईच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, हसले आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "तुला झालेला आजार एकच, या चिखल्या. त्या लिहू का?" मग पॅड पुढे ओढून म्हणाले, "लिहितो कावीळ. तुझ्या आईला विचारून ये, सोमवारी घेऊन जा."

आईला का विचारायचं हे तेव्हा मला कळलं नाही. घरी जाऊन सांगितलं. आई चुलीपुढे होती, बा दोर वळत बसला होता.

आई म्हणाली, "आजारी मी व्हते. तू कुठं व्हतीस?"

"आई, नुसतं लिहायचं आहे. कागदावर."

"कागदावर काय लिव्हणार?"

"की मी पाच आठवडे अंथरुणाला खिळून होते."

बाचा हात थांबला. बा तसा कमी बोलायचा. म्हणाला, "अंथरुणाला? साऱ्या गावानं तुला चिखलात उभी बघितली. माझी पोरगी आईच्या जागी उभी राहिली म्हणून मी चार लोकात मान वर करून फिरतो. आन् तू लिव्हणार, की निजून व्हते?"

मी पुष्कळ समजावलं. वर्ष जाईल, वसतिगृह जाईल. बा ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "जे केलं ते लिव्ह. नाय पटलं त्यांना, तर पुढच्या साली परत बस. म्या भाड्याची खोली बघतो."

त्या रात्री मला बाचा राग आला, हे खरंच आहे. पण सकाळी उठले तेव्हा राग निवळला होता आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं होतं. मी पाच आठवडे जे केलं होतं ते लपवण्यासारखं नव्हतंच. ते मीच कावीळ म्हणून लपवायला निघाले होते.

सोमवारी डॉक्टरांकडे न जाता मी नाशिकची गाडी धरली आणि खरा अर्ज लिहिला. आईचा पाय, सावड, आवणी, सगळं. दोन दिवसांनी प्राचार्यांचा शेरा आला: शेतीकाम हे गैरहजेरीचं कारण होऊ शकत नाही, अर्ज नामंजूर.

आमच्या रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख मॅडम फार कडक होत्या. प्रयोगशाळेत कुणाच्या हातून ब्युरेट फुटली तर त्या ओरडायच्या नाहीत. नुसतं बघायच्या आणि त्यानेच माणूस अर्धा व्हायचा. त्यांनी मला बोलावलं.

"अर्ज नामंजूर झाला म्हणे."

"हो मॅडम."

"नियम काय म्हणतो?"

"पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते."

"ते सूचनाफलकावर आहे. मी नियमाचं विचारतेय. वाचलास?"

नियम वाचायचा असतो हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं नियम म्हणजे बाबू सांगतात ते. मॅडम मला ग्रंथालयात घेऊन गेल्या आणि विद्यापीठाच्या नियमांचा जाड ग्रंथ कपाटातून काढायला लावला. इंग्रजीत, बारीक टायपात. मी त्यांच्याकडे बघितलं.

"मी वाचून दाखवणार नाही," त्या म्हणाल्या. "तुझं काम आहे, तूच वाच. अडलं तर शब्दकोश तिथे आहे." आणि निघून गेल्या.

दुपार गेली त्यात. एकेका वाक्यात चार-चार वाक्यं गुंतलेली. पण ज्या चुकीच्या समजुतीवर सगळं कॉलेज चालत होतं ती मला तिथे दिसली. नियमात आजारपण होतंच, पण पुढे असंही होतं की विद्यार्थ्याच्या हाताबाहेरचं दुसरं सबळ कारण असेल तरी हजेरीत सूट देता येते. आणखी खाली होतं, की निर्णय मान्य नसेल तर विद्यार्थ्याला लेखी दाद मागता येईल आणि त्याचं म्हणणं समक्ष ऐकून घ्यावं लागेल. "ऐकून घ्यावं लागेल" हे मी तीनदा ताडून बघितलं. ऐकून घेता येईल असं नव्हतं. घ्यावं लागेल असं होतं.

मी दाद मागितली. प्राचार्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण तारीख दिली.

त्या दिवशी बा आला. धुतलेला सदरा, टोपी. "तू कशाला आलास?" मी विचारलं. "तू येकटी कशाला जाशील," एवढंच म्हणाला. सभागृहाबाहेरच्या बाकावर बसला.

आत प्राचार्य, दोन वरिष्ठ प्राध्यापक, आमच्या मॅडम आणि संस्थेचे एक संचालक होते. संचालक स्वतः निफाडकडचे द्राक्षबागाईतदार. शेतकरी माणूस आहे, आपल्या बाजूने बोलेल असं मला वाटलं. तेच सगळ्यांत आधी माझ्यावर आले.

"हे बघ पोरी, मी शेतकरी आहे. आज तुला आवणीला सूट दिली तर उद्या सगळी पोरं कांदे काढायला जातील, परवा द्राक्षं तोडायला. कॉलेज चालायचं कसं?"

मी म्हणाले, "सर, आवणीला म्हणून सूट मागितलीच नाही. आमची आवणी त्या शनिवार-रविवारीच संपली होती. आई पडली म्हणून मागितली आहे."

"बरं. आई पडली, ते हाताबाहेरचं. तू तिची सेवा केलीस, तेही कळतं. पण तू तर लोकांच्या शेतात गेलीस. ते कसं हाताबाहेरचं?"

याचं उत्तर मी पाठ केलं नव्हतं. सुचेल तसं सांगत गेले. "सर, त्या सगळ्या बाया आधी आमच्याकडे येऊन गेल्या होत्या. आईने त्यांना शब्द दिला होता. त्यांची रोपं तयार होती, दुसरं माणूस मिळत नव्हतं. मी गेले नसते तर त्यांची रोपं जून झाली असती, वर्षाचं भात गेलं असतं. आई पडली ते हाताबाहेरचं असेल, तर तिच्या जागी उभं राहणंसुद्धा माझ्या हाताबाहेरचंच होतं."

एका प्राध्यापकांनी सावड म्हणजे काय ते विचारलं. मी सांगायच्या आत संचालकच सांगू लागले. त्यांच्या लहानपणी त्यांच्याकडेही असायची म्हणाले, आता नाही राहिली. सांगता सांगता त्यांचा आवाज उतरला.

दुसऱ्या प्राध्यापकांना घाई होती. ते म्हणाले, "एवढं सगळं करण्यापेक्षा मेडिकल का नाही जोडलंस? प्रश्नच मिटला असता."

"सर, मी आजारी नव्हते."

आमच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "या सत्रात आपल्याकडे काविळीची साथ आलेली दिसते. त्यात ही एकच निरोगी मुलगी. तिलाच आपण घरी पाठवतोय."

संचालक मोठ्याने हसले. प्राचार्य हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. मग बाला आत बोलावलं. बा दाराशीच उभा राहिला. घाईतल्या प्राध्यापकांनी विचारलं, "काय हो, मुलीला शिकवायचंय की शेतात राबवायचंय? एकदाच काय ते ठरवा ना."

"ठरवलंया की साहेब," बा म्हणाला. "म्हणून तर परत धाडली."

मला वाटलं आता झालं, सूट मिळणार. पण सूट मॅडमनीच अडवली. त्या म्हणाल्या, "हजेरीचं काय ते तुम्ही ठरवा. पण तिचे प्रयोग राहिले आहेत. केल्याशिवाय मी जर्नलवर सही करणार नाही. कारण सबळ असलं म्हणून हाताला टायट्रेशन आपोआप येत नाही."

शेवटी ठरलं ते असं. दिवाळीच्या सुट्टीत राहिलेले सगळे प्रयोग करायचे, त्यावर चाचणी द्यायची. पास झाले तर टर्म मंजूर. प्रयोगशाळा मॅडम स्वतः उघडणार.

बाहेर आल्यावर बाने विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगितलं. त्याचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. दिवाळी म्हणजे आमच्याकडे भातकापणी. आई अजून लंगडत होती. मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाला, "तू त्याची चिंता करू नको. मी इळा धरू शकतो अजून."

पण बाला एकट्याला इळा धरावा लागला नाही. त्या जुलैत ज्यांच्या खाचरांत मी उभी होते, त्या बाया न बोलावता आमच्या शेतात उतरल्या. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या म्हणे, "पोरगी तिकडं तुमच्या-आमच्यासाठीच अडकली हाय. तू बांधावर बस, नुसती बघ." भाऊही पाळी संपवून दोन रविवार येऊन गेला. हे सगळं मला नंतर कळलं.

मी नाशिकात होते. वसतिगृह रिकामं, फक्त मी आणि रखवालदाराचं कुटुंब. सकाळी कॉलेजवर जायचं. मॅडम आधीच आलेल्या असायच्या. बाहेर फटाके वाजत असायचे आणि आत मी मिश्रणं वेगळी करत, सडक्या अंड्यांच्या वासात उभी. मॅडम कोपऱ्यात पेपर तपासत बसायच्या. मी चुकले तरी सांगायच्या नाहीत. शेवटी उत्तर बघायच्या आणि म्हणायच्या, "परत." एक प्रयोग मी चार वेळा केला. चौथ्या वेळी त्यांनी बघितलं, मान हलवली आणि पिशवीतून डबा काढला. घरच्या चकल्या होत्या. "हात साबणाने धुऊन ये," म्हणाल्या. त्यांचं घर, सण, पाहुणे सगळं सोडून त्या माझ्यासाठी येत होत्या हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. मी आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "उपकार नाहीत. समितीचा निर्णय आहे, तो पाळायला लागतो."

चाचणीत पास झाले. टर्म मंजूर झाली. वार्षिक परीक्षेत मला पहिला वर्ग मिळाला, आणि प्रात्यक्षिकात आमच्या वर्गात सगळ्यांत जास्त गुण. परत-परत केलेल्या प्रयोगांचा तो प्रताप होता.

पुढच्या वर्षी कॉलेजच्या सूचनाफलकावर हजेरीच्या नोटिशीखाली एक नवी ओळ आली: आजारपणाखेरीज अन्य सबळ कारण असल्यास विद्यार्थ्यांनी ते लेखी मांडावं, समक्ष ऐकून घेतलं जाईल. मी तेव्हा नाशिकातच बी.एड. करत होते. वसतिगृहातल्या पेठ आणि सुरगाण्याकडच्या मुली माझ्याकडे यायच्या, "ताई, अर्ज कसा लिहू?" मी त्यांना आधी ग्रंथालयात न्यायचे. सगळ्यांनाच सूट मिळाली नाही. पण ज्या मुली पूर्वी यादीत नाव दिसलं की गुपचूप ट्रंक उचलून गावाकडे निघायच्या, त्या आता निदान समोर उभ्या राहून बोलायला लागल्या. याचा मला आजही माझ्या पहिल्या वर्गापेक्षा जास्त अभिमान वाटतो.

पुढे मी घोटीजवळच्याच एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. दोन हजार साल उलटून गेल्यावर एकदा पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आली. विधान परिषदेवर पदवीधरांचा आमदार निवडून जातो आणि त्याला फक्त पदवीधरच मत देतात. आमच्या गावातून त्या मतदार यादीत बाईचं नाव माझं एकटीचंच होतं.

बाला हे मी सांगितलं तेव्हा त्याला पटेना. "म्हंजी आमाला मत नाय?"

"या निवडणुकीला नाही."

"सरपंचाला?"

"तो बारावी आहे. त्यालाही नाही."

बाने ही गोष्ट त्याच दिवशी सरपंचाच्या कानावर घातली.

मतदानाच्या दिवशी मी निघाले तर बा तयार होऊन ओट्यावर बसलेला. आई म्हणाली, "घेऊन जा बाई त्याला. पहाटंपासनं उठलाय." इगतपुरीला तहसील कचेरीच्या आवारात केंद्र होतं. गर्दी अशी नव्हतीच. शिक्षक, वकील, बँकेतली माणसं, ओळखीपाळखीने बोलत उभी. मी आत गेले. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता, पसंतीचे आकडे लिहायचे होते. मी एक लिहिला, दोन लिहिला, घडी घालून पेटीत टाकली. शाई लावलेलं बोट घेऊन बाहेर आले.

फाटकाजवळ एक पोलीस बाला समजावत होता, "बाबा, इथं गर्दी करू नका. आज फक्त पदवीधरांचं मतदान आहे."

"म्हाईत हाय," बा म्हणाला. "माझी पोरगी आत हाय."

पोलिसाने त्याला सावलीत खुर्ची दिली. मी आले तरी बा लगेच उठला नाही. आणखी थोडा वेळ तिथेच बसला, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत. मग आम्ही चहा प्यायलो आणि घोटीची गाडी धरली. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाने काही विचारलं नव्हतं, तरी बाने माझं बोट धरून त्याला शाई दाखवली.